कोंबडखत, वारा आणि खालची वस्ती : एका लेअर फार्मवरच्या प्रकल्प नोंदी

27 मे 2024

आजपासून काम सुरू. फार्म निफाड तालुक्याच्या दक्षिण कडेला, सिन्नरच्या हद्दीजवळ आहे. पक्षी साधारण 20 हजार, सगळे लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्या. शेड दोन, दोन्ही खांबांवर उचललेल्या. वर कॅलिफोर्निया पिंजरे (पायऱ्यांसारखे रचलेले), खाली माणूस उभा राहील एवढी जागा, आणि तिथे महिनोन् महिने साचत जाणारं कोंबडखत. फार्मच्या ईशान्येला ओढ्याच्या काठाने उतरत गेलं की सुमारे 600 मीटरवर वस्ती लागते. वस्तीने ग्रामपंचायतीत वासाचा अर्ज दिला होता. सरपंच आणि फार्मचे मालक (सगळा गाव त्यांना अण्णा म्हणतो) या दोघांनी मिळून मला बोलावलं, याचा मला फार आनंद आहे. एकाने बोलावलं असतं तर दुसऱ्याने माझा एकही आकडा मानला नसता.

अर्ज वाचला. "पोल्ट्रीचा असह्य वास येतो, बंदोबस्त व्हावा." किती वाजता, कोणत्या महिन्यात, कसला वास, यातलं काही नाही. अण्णांकडे उत्तर तयार आहे: "ताई, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ म्हणतं वस्तीपासून 500 मीटर. मी 600 वर आहे." त्यांचं खरं आहे, वस्तीचंही खरं आहे. नकाशावर 500 मीटर मोजताना वारा कुठून येतो आणि जमीन कुठे उतरते ते कोणी पाहत नाही.

पहिला हिशेब मांडून ठेवते. एक लेअर दिवसाला 100 ग्रॅमच्या आसपास ओली विष्ठा टाकते आणि तिच्यात तीन चतुर्थांश पाणी असतं. म्हणजे इथे रोज दोन टन माल खाली पडतो, त्यातलं दीड टन नुसतं पाणी. सगळं काम या दीड टन पाण्याभोवती फिरणार, असं आत्ताच दिसतंय.

3 जून 2024

मोजायचं काय, यावर दोन दिवस घालवले. अमोनिया मोजणं सोपं आहे: हातात धरायचं यंत्र आहे, रंग बदलणाऱ्या निर्देशक नळ्याही आहेत. पण लोकांची तक्रार अमोनियाची नाही, वासाची आहे. कोंबडखतातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, ब्युटिरिकसारखी आम्लं निघतात, इंडोल, स्कॅटोल, गंधकाची इतर संयुगं निघतात. अमोनिया साधारण 5 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 5 भाग) पुढे गेला की माणसाला जाणवतो. हायड्रोजन सल्फाइड मात्र त्याच्या हजारपट विरळ असला तरी नाक पकडतं. माझं यंत्र तिथपर्यंत पोचतच नाही.

युरोपात यासाठी ईएन 13725 नावाचं मानक आहे. हवा पिशवीत भरतात, प्रयोगशाळेत स्वच्छ हवेने पातळ करत नेतात आणि निवडलेल्या माणसांच्या नाकाखाली धरतात. निम्म्या नाकांना जेमतेम वास लागतो तो बिंदू म्हणजे एक गंध एकक. माणसंही कोणतीही चालत नाहीत. एन-ब्युटॅनॉल या द्रव्याचा वास ज्यांना 20 ते 80 पीपीबी (अब्ज भागांत इतके भाग) या टप्प्यात कळतो तेच बसवतात, फार तीक्ष्ण आणि फार मंद अशी दोन्ही नाकं वगळतात. इतकी यंत्रं निघाली, तरी वासाच्या बाबतीत शेवटचा शब्द माणसाच्या नाकाचाच राहिला. मला हे फार मोलाचं वाटतं. कारण वस्तीवरच्या बाईने "वास येतो" म्हटलं की तिला बहुतेक वेळा "यंत्रात तर काही दिसत नाही" असं सांगून गप्प केलं जातं.

पिशव्या भरून पाठवणं या प्रकल्पाच्या पैशात बसणारं नाही. 2003 च्या आवृत्तीप्रमाणे नमुना 30 तासांच्या आत तपासावाही लागतो. म्हणून दुसरा रस्ता धरला: ईएन 16841, म्हणजे प्रत्यक्ष जागेवर उभं राहून नाकाने केलेली पाहणी. एका जागी 10 मिनिटं थांबायचं, दर 10 सेकंदांनी श्वास घेऊन "आहे" किंवा "नाही" लिहायचं. 60 पैकी 6 किंवा जास्त वेळा "आहे" आलं, तर तो "वासाचा तास" धरायचा. यंत्र लागत नाही, शिस्त लागते.

6 जून 2024

वस्तीवर बैठक. सहा घरांनी रोजनाम्याची वही ठेवायचं कबूल केलं. घरं मुद्दाम विखुरलेली घेतली: दोन ओढ्याकाठची, दोन मधली, दोन वरच्या रस्त्याला लागून. लिहायचं एवढंच: वेळ, जोर, कसला वास, वारा कुठून. जोर 0 ते 6. जर्मन मार्गदर्शिकेतलीच पट्टी घेतली, शब्द वस्तीवरच्या बायांनी दिले. 1 म्हणजे शंका येण्याइतपत, 3 म्हणजे उघड कळतो, 6 म्हणजे जेवणावरून उठावं लागतं. वाऱ्यासाठी प्रत्येक घराने जुन्या साडीची पट्टी बांबूला बांधली आहे.

वास कसला, यात बायांनी जे भेद केले ते पुस्तकात सहज सापडणार नाहीत. डोळ्यांना झोंबणारा, कुजका, ओल्या पिसांचा आणि "गटारीचा". झोंबणारा बहुतेक अमोनियाचा, गटारीचा गंधकाचा. या एका रकान्यावरून वास शेडमधल्या कोणत्या जागेतून सुटतोय ते ओळखता येईल अशी मला आशा आहे.

ओढ्याकाठच्या मावशी म्हणाल्या, "पाहुणे आले की मी आधी उदबत्ती लावते, मग पाणी देते." लेकीला बघायला आलेल्या मंडळींनी खिडकी लावून घ्यायला सांगितलं, तेही त्यांनी सांगितलं. हे कुठल्याच पट्टीत मावत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

12 जून 2024

फार्मवरची पहिली पूर्ण पाहणी. सकाळी शेड उघडायच्या आधी आणि दुपारी, दोन्ही वेळा. खताचे नमुने कॉलेजच्या प्रयोगशाळेत 105 अंशांवर 24 तास सुकवून ओलावा काढला.

दुसऱ्या शेडमध्ये पश्चिमेच्या बाजूच्या ओळीखाली खताचे ढीग कोरडे, शंकूसारखे उभे आहेत, ओलावा 30 टक्क्यांच्या आत. त्यातून वास जवळजवळ नाही. हातात घेतलं तर चुरा होतो. त्याच शेडमध्ये मधल्या ओळीखाली चिखल. ओलावा 80 च्या वर, अमोनिया तिथे खाली वाकून 31 पीपीएम. पक्षी तेच, खाद्य तेच, फरक फक्त पाण्याच्या लाइनचा. निपल (पक्षी चोच लावून पाणी पितात त्या तोट्या) गळतात. थेंब थेंब गळणारं एक निपल दिवसाला काही लिटर पाणी खाली सोडतं, आणि तो थेंब नेमका ताज्या विष्ठेवर पडतो.

31 हा आकडा वस्तीपेक्षा शेडमध्ये काम करणाऱ्या जोडप्यासाठी जास्त गंभीर आहे. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची शिफारस पूर्ण पाळीसाठी 25 पीपीएम आणि 15 मिनिटांसाठी 35 अशी आहे. त्यांना विचारलं, वास येतो का. "कसला वास?" म्हणाले. रोज त्यात राहून नाक बधिर होतं. डोळे मात्र दोघांचेही लाल होते. वस्तीने निदान अर्ज तरी केला. या दोघांचा अर्ज कोणी लिहिलेला नाही. आज अण्णांशी पहिलं बोलणं याच विषयावर केलं आणि मधल्या ओळीखाली सफाईला जाताना मास्क द्यायचं ठरलं.

29 जून 2024

आठवडाभर झड. नैर्ऋत्येचा वारा थेट वस्तीकडे वाहतोय. वह्यांमध्ये दिवसभर 2 आणि 3, पण 5 कुठेच नाही. जोराच्या वाऱ्यात वास पोचतो पण पातळ होऊन पोचतो. पहिल्या शेडच्या नैर्ऋत्य बाजूने पाऊस आत येऊन खत भिजतंय. पत्र्याचा छज्जा वाढवायला सांगितलं.

14 जुलै 2024

आज चुन्याचा विषय निघाला. चिखल झाला की त्यावर चुना टाकायचा, ही या भागातल्या बहुतेक फार्मवरची रीत आहे. चुना पाणी ओढतो, जंतू मारतो, पांढरं शुभ्र दिसतं, पाहणाऱ्याला सफाई झाल्यासारखी वाटते. पण ओल्या कोंबडखतावर चुना टाकणं म्हणजे अमोनियाला दार उघडून देणं आहे.

कारण असं. कोंबडी नत्र युरिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकते, ती पांढरी टोपी असते ना, ती. ओलावा मिळाला की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. हा अमोनिया पाण्यात विरघळून राहतो की हवेत उडतो, ते सामूवर (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) अवलंबून. 25 अंश तापमानाला सामू 7 असेल तर शंभरात एक भागसुद्धा उडण्याजोगा नसतो. सामू 8 ला पाचेक भाग, 9 ला तिसऱ्या हिश्शाहून जास्त. चुना सामू थेट वर नेतो.

नुसतं सांगून पटलं नसतं. मधल्या ओळीखाली तीन पट्टे आखले: एकावर चुना, एकावर अॅलम (पाणी शुद्धीकरणाला वापरतात ती, अॅल्युमिनियम सल्फेट), एक तसाच. अर्ध्या तासाने चुन्याच्या पट्ट्यावर बादली उपडी ठेवून खालची हवा तपासली तर यंत्राचा काटा शेजारच्या पट्ट्याच्या दुपटीवर. अॅलमच्या पट्ट्यावर अमोनिया खाली आला. अॅलम आम्लधर्मी असल्यामुळे अमोनियाला अमोनियम करून धरून ठेवते. अमेरिकेत आर्कान्सामध्ये फिलिप मूर यांनी 1990 च्या दशकात ब्रॉयलरच्या (मांसासाठीच्या कोंबड्या) लिटरवर, म्हणजे त्यांच्या पायाखालच्या भुशाच्या थरावर, हेच दाखवलं होतं. शिवाय जे नत्र उडत नाही ते खतात राहतं.

अण्णा बादलीपाशी वाकून स्वतः हुंगले आणि मागे सरले. "म्हणजे मी पैसे घालून वास विकत घेत होतो." मग लगेच: "आणि तुमची अॅलम किती लागणार?" प्रश्न रास्त आहे. सगळ्या शेडखाली अॅलम पसरणं परवडणारं नाही आणि त्याची गरजही नाही. जिथे चिखल झालाच आहे तिथेच, गळती बंद होईपर्यंत. कोरड्या ढिगाला काहीही लावायचं नाही, त्याला हातच लावायचा नाही.

बाजारात मिळणाऱ्या सुगंधी फवाऱ्यांचा एक नमुना कोणीतरी आणून ठेवला होता. तो परत पाठवला. वासावर दुसरा वास ओतल्याने वस्तीवरच्या लोकांना दोन वास सोसावे लागतात, बाकी काही होत नाही.

6 ऑगस्ट 2024

श्रावण लागला. अंडी खाणारे कमी झाले, दर उतरले, आणि नेमकं याच वेळी मी निपल बदला म्हणतेय. अण्णांच्या डोक्यावर शेडचं कर्ज आहे. त्यांना घाई करायला मला जड गेलं, पण पावसाळा थांबणार नव्हता. एका शेडची फक्त मधली लाइन बदलायची आणि लाइनवर पाण्याचं मीटर बसवायचं, असं ठरलं. मीटर आकाराने लहान, पण मला ते अमोनियाच्या यंत्रापेक्षा मोलाचं वाटतं. लेअर साधारण खाद्याच्या दुप्पट पाणी पिते. थंड हवेत मीटर त्याहून बरंच जास्त दाखवायला लागलं की कुठेतरी गळतंय, हे ढीग ओला होण्याआधी कळतं.

माशा वाढल्यात. उन्हाळी-पावसाळी हवेत घरमाशीचं अंड्यापासून पंखापर्यंतचं चक्र सात ते दहा दिवसांत पुरं होतं. ओलं कोंबडखत हे तिचं आवडतं घर. 30 टक्क्यांपर्यंत सुकलेल्या ढिगात तिची अळी वाढत नाही. वस्तीच्या वह्यांमध्ये वासाइतक्याच माशा लिहिलेल्या आहेत, आणि मला खात्री आहे की माशा कमी झाल्या तर वासाचा रागही निवळेल. दोन्हीचं मूळ एकच ओल आहे.

25 ऑगस्ट 2024

नवीन लाइनखालचे ढीग उभे राहायला लागले. वर नवा थर पडतो तो सुकायला वेळ मिळतो. बदललेल्या लाइनखाली अमोनिया 12, न बदललेल्या लाइनखाली अजून 27. वस्तीवर सप्ताह सुरू आहे, मंडपात भरपूर माणसं. अण्णांनी आपणहून आठवडाभर खताला हात लावायचा नाही असं सांगितलं.

19 सप्टेंबर 2024

आजचा दिवस या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा.

ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय, द्राक्षवाले कोंबडखत मागतात. पहाटे चारला जेसीबी लावून पहिल्या शेडखालचं खत उपसायला सुरुवात झाली, सातपर्यंत ट्रॅक्टर रस्त्याला. पहाटेच का, तर चालकांना ऊन नको, रस्त्यावर गर्दी नको, आणि गावाच्या डोळ्यावर येऊ नये. मी पाचला वस्तीवर मावशींच्या अंगणात उभी होते. 10 मिनिटांच्या पाहणीत 60 पैकी 52 वेळा "आहे". सहाही वह्यांत किमान 5, दोघींनी 6 लिहिलं. प्रकार: गटारीचा. त्या जागी अमोनियाच्या यंत्रावर शून्य.

या एका पहाटेत आतापर्यंतची सगळी गुंतागुंत सुटते. वरून सुकलेल्या ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही. तिथे महिनोन् महिने बिनहवेचं कुजणं चालतं आणि गंधकाचे वायू, आम्लं, स्कॅटोल जागच्या जागी कोंडून राहतात. ढीग फोडला की ते एकदम सुटतात. अमोनिया त्यात असतो, पण 600 मीटरवर पोचेपर्यंत तो माझ्या यंत्राच्या खाली जातो. देशाच्या 2009 च्या हवा मानकात अमोनियाला 24 तासांसाठी घनमीटरला 400 मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे, म्हणजे साधारण अर्धा पीपीएम. ती मोजायलाही वेगळी साधनं लागतात. गंधकाचे वायू नाकाला त्याहून कितीतरी विरळ असताना कळतात. त्या पहाटे यंत्र हातात घेऊन दुसरा कोणी आला असता, तर "काही नाही" असं लिहून गेला असता आणि मावशी खोट्या ठरल्या असत्या.

वेळही नेमकी वाईट. रात्री जमीन थंड पडते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होते, वर तुलनेने ऊबदार थर बसतो. खालची हवा वर चढत नाही, वाराही जवळजवळ नसतो. अशा वेळी सुटलेला वास पातळ न होता सरपटत जातो. सकाळी दहा-अकरानंतर जमीन तापली की हवा वर-खाली घुसळायला लागते, तेव्हा तोच वास वाटेतच विरळ होतो.

संध्याकाळी अण्णा, सरपंच, ट्रॅक्टरवाले आणि वस्तीवरचे दोघे असे ओट्यावर बसलो. ठरलं ते असं: उपसा सकाळी 11 ते दुपारी 4 या वेळेतच, वारा वस्तीकडे असेल त्या दिवशी नाही, ट्रॉलीवर ताडपत्री, एका दिवसात पूर्ण शेड न फोडता तुकड्याने, आणि तारीख दोन दिवस आधी वस्तीला कळवायची. ट्रॅक्टरवाल्यांनी उन्हाची कुरकुर केली. त्यांना दुपारच्या कामाचे जादा पैसे अण्णा देणार आहेत. वस्तीवरचे एक काका म्हणाले, "आधी कळलं तर आम्ही त्या दिवशी कपडे वाळत घालणार नाही, वडे-पापड घालणार नाही. न सांगता आलं की चीड येते." वासाच्या अभ्यासात किती वेळा, किती जोराचा, किती वेळ, किती किळसवाणा आणि कुठे असे पाच प्रश्न विचारतात. काकांनी आज सहावा घातला, आणि मला तो बाकीच्या पाचांइतकाच खरा वाटतो.

27 सप्टेंबर 2024

दुसऱ्या शेडचा उपसा दुपारी, ठरल्याप्रमाणे. वस्तीवर 10 मिनिटांच्या पाहणीत 60 पैकी 9. वह्यांत 2 आणि 3. ढीग तसेच, माणसं तीच, फक्त घड्याळ बदललं.

8 ऑक्टोबर 2024

खाद्याकडे वळलो. फार्मला येणारे पशुवैद्यक सोबत होते. सोयाबीन पेंडीचं प्रमाण "राहू दे थोडं जास्त" या हिशेबाने चढलेलं. पक्ष्याला न लागलेलं प्रथिन विष्ठेत नत्र होऊन पडतं. खाद्यातलं प्रथिन एका टक्क्याने उतरवून डीएल-मिथिओनिन आणि लायसिन ही अमिनो आम्लं मोजून घातली, तर विष्ठेतलं नत्र सुमारे 8 ते 10 टक्के कमी होतं, अंड्यांना धक्का न लागता. मीठही तपासलं, जास्त मीठ म्हणजे जास्त पाणी पिणं आणि पातळ विष्ठा. डॉक्टर सूत्र बदलून देणार आहेत, एका शेडला आधी. उत्पादनाची नोंद ते ठेवतील, मी ओलावा पाहीन.

22 नोव्हेंबर 2024

थंडी पडली. निफाडची थंडी पडली की हाडात शिरते. वारा उलटला: दिवसा ईशान्येकडून, म्हणजे वस्तीकडून फार्मकडे. आता वास बंद व्हायला हवा, असं अण्णांचं गणित. दिवसाच्या नोंदी खरंच शून्यावर आल्या. पण ओढ्याकाठच्या दोन्ही घरांच्या वह्यांमध्ये रात्री आठ ते दहा आणि पहाटे, जवळजवळ रोज 3 आणि 4. वरच्या रस्त्याच्या घरांत त्याच वेळी 0. अण्णा म्हणाले, "ताई, वारा माझ्याकडे येतोय, तर वास त्यांच्याकडे कसा जाईल? मनात बसलंय त्यांच्या." मी त्यांना रात्री थांबायला सांगितलं.

सूर्य मावळल्यावर फार्मच्या खालच्या कडेला, ओढ्याच्या तोंडाशी, ओलसर गोवऱ्या पेटवल्या. धूर सरळ वर गेला, माणसाच्या दुप्पट उंचीवर थबकला आणि पसरून खाली बसला. मग हळूहळू ओढ्यात उतरला आणि उताराने वस्तीच्या दिशेने निघाला. साडीच्या पट्ट्या लोंबकळत होत्या, वारा म्हणावा असा नव्हताच. विजेरीच्या उजेडात धुराचा तो पट्टा आम्ही चालत चालत मावशींच्या कुंपणापर्यंत सोबत नेला. रात्री उताराची जमीन थंड होते, तिच्यावरची जड हवा पाण्यासारखी खोलगटातून वाहते. सिन्नरच्या अंगाने जमीन गोदावरीकडे उतरते, ओढा तिकडेच जातो, आणि त्या वाटेवर पहिली घरं या दोन बायांची आहेत. वरच्या रस्त्याची घरं उंचावर, म्हणून त्यांना पत्ताही नाही.

अण्णा कुंपणापाशी उभे राहिले. मावशी बाहेर आल्या. अण्णा म्हणाले, "वहिनी, मी समजत होतो तुम्ही उगाच म्हणता." मावशींनी चहा ठेवला.

5 डिसेंबर 2024

धुराने दाखवलेल्या वाटेवर काय करता येईल याचा विचार. मोठ्या बंद शेडमध्ये पंख्याने ओढलेली हवा लाकडाच्या ढलप्यांच्या ओल्या थरातून सोडतात; थरातले जिवाणू वास खातात. आपल्या शेड चारही बाजूंनी उघड्या आहेत, हवा एका तोंडातून काढताच येत नाही. ते इथे चालणार नाही, त्यावर वेळ घालवला नाही.

चालण्यासारखं सर्वांत मोठं काम म्हणजे खत साठवण्याची जागा. उपसलेलं पण न विकलेलं खत ओढ्याच्या तोंडाशीच पडून असतं, आणि रात्रीची हवा पहिली त्याच्यावरून वाहते. ती जागा शेडच्या नैर्ऋत्येला, बांधाच्या पलीकडे हलवायची. तिथे उतार दुसरीकडे आहे. आणि नुसतं साठवायचं नाही, कुजवायचं. कोंबडखतात नत्र फार आणि कार्बन कमी, म्हणून अमोनिया सुटतो. कार्बन-नत्राचं प्रमाण 25-30 ला न्यायचं तर काडीकचरा भरपूर लागतो. उसाचं पाचट इथेच मिळतं, भाताचं तूस इगतपुरीकडून येतं. ओलावा 50-60 टक्के, ढिगाचं पोट 55 अंशांच्या वर किमान तीन दिवस, आणि उलथायचं ते दुपारीच. नीट कुजलेल्या खताला मातीचा वास येतो, द्राक्षवाले त्याला भावही चांगला देतात.

झाडांची पट्टी ओढ्याच्या तोंडाशी: बांबू आणि शेवगा, दोन-तीन ओळी. झाडं वास शोषून घेतात अशी समजूत आहे, तेवढी त्यांच्याकडून अपेक्षा नको. वासाचा बराच भाग धुळीच्या कणांवर बसून जातो. झाडं ती धूळ अडवतात आणि सरपटणारी हवा वर उचलतात. ती वाढायला दोन पावसाळे जातील. तोवर त्या जागी हिरवी शेडनेट उभी केलीय.

18 जानेवारी 2025

वह्यांचं वाचन ग्रामपंचायतीत, सगळ्यांसमोर. जून ते ऑगस्टमधल्या दिवसभराच्या 2-3 च्या नोंदी सप्टेंबरपासून तुरळक झाल्या. जोर 5 आणि 6 च्या नोंदी सप्टेंबरमधल्या त्या पहाटेनंतर कुठेच नाहीत. ओढ्याकाठच्या घरांत रात्रीचा वास खताची जागा हलवल्यावर 3-4 वरून 1-2 वर आला, पण गेलेला नाही. वाचताना दोन्ही घरांच्या नोंदी मी आधी वाचल्या. सरासरी काढली असती तर त्या वरच्या रस्त्याच्या शून्यात बुडाल्या असत्या.

खाद्य बदललेल्या शेडमध्ये अंडी कमी झालेली नाहीत, दुसऱ्या शेडलाही तेच सूत्र लागू झालं. मधल्या ओळीखाली आज अमोनिया 9. सफाई करणारी ताई म्हणाली, डोळे आता चुरचुरत नाहीत.

राहिलेली कामं: पहिल्या शेडच्या दोन लाइन अजून जुन्याच आहेत, त्या अंड्याचा दर बरा आहे तोवर फेब्रुवारीत बदलायच्या. छज्जा नैर्ऋत्य बाजूला पूर्ण झाला, पश्चिमेला बाकी. वह्या पावसाळा संपेपर्यंत चालू ठेवायला पाचही जणी आणि काका तयार आहेत. पुढचा उपसा एप्रिलमध्ये, द्राक्षांच्या खरड छाटणीच्या आधी. त्याची तारीख आणि वेळ ग्रामपंचायतीच्या फळ्यावर अण्णा स्वतः लिहिणार.